इंजिनिअरिंगच्या मुलांना लिहायला शिकवताना: आधी वाचणारा द्या

प्रश्न विचारणारे सर मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नुकतेच रुजू झालेत. इंग्रजीत एम. ए. केलंय आणि पहिल्या वर्षाला ‘कम्युनिकेशन स्किल्स’ त्यांच्याकडे आलंय. वर्गात ६० मुलं, निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातली. आठवड्याला दोन लेक्चर आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल. ते लिहितात, ‘मुलांना चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत, बोलायला उभं केलं की घाम फुटतो. व्याकरणापासून सुरुवात करू की पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटपासून? शिवाय हा विषय त्यांना बिनकामाचा वाटतो, त्याचं काय करू?’

सर, दोन्हींपासून नको. मी मूळची मेकॅनिकलची. आधी सात वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते आणि गेली २२ वर्षं शिकवतेय. त्यातली बरीच वर्षं माझा विषय आणि तुमचा विषय मी एकत्रच शिकवलाय. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मुलांचं इंग्रजी कच्चं असतं हे खरं, पण तो पुढचा अडथळा आहे. पहिला अडथळा हा की कुणाला काहीतरी कळावं म्हणून त्यांनी आजवर एक ओळही लिहिलेली नसते. पावसाळ्यातल्या दिवसावरचा निबंध ज्या बाईंनी तपासला त्यांना पावसाळा माहीत होता. प्रयोगाची वही ज्या सरांनी तपासली त्यांना उत्तर माहीत होतं. वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं लिहायचं आणि त्याने खाली सही करायची, याला ही मुलं बारा वर्षं लेखन म्हणत आलीत. आपल्याकडे आल्यावर तेच आणखी पक्कं होतं.

तुम्ही नवीन आहात, म्हणून एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सबमिशनच्या आठवड्यात संध्याकाळी होस्टेलवर चक्कर मारा. ड्रॉइंगच्या शीटची जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, चाललेली असते: काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. आणि बाजूच्या कॉटवर सीनियरचं जर्नल उघडं ठेवून तिघेजण एकाच वेळी थिअरी उतरवत असतात. मी यावर खूप वर्षं रागावले. मग एकदा एक जर्नल नीट वाचलं आणि राग माझ्याकडेच वळला. माइल्ड स्टीलच्या टेन्साइल टेस्टचं, म्हणजे तुकडा ताणून तोडायच्या चाचणीचं, कन्क्लुजन होतं, ‘हेन्स वी हॅव स्टडीड द टेन्साइल टेस्ट ऑन माइल्ड स्टील.’ खाली माझी सही, तारखेसकट. व्याकरण बिनचूक, आणि त्या वाक्यातून कुणालाही काहीही कळत नव्हतं. मीच ते मान्य केलं होतं.

त्याच मुलाच्या निरीक्षणाच्या तक्त्यात मात्र सगळं होतं. तुकड्याचा व्यास १२ मिमी, यील्ड (जिथे स्टील कायमचं ताणलं जायला लागतं) ३३ किलोन्यूटनला, जास्तीत जास्त लोड ४९ किलोन्यूटन, गेज लेंग्थ, म्हणजे मोजायला खूण केलेली लांबी, ६० मिमीची ७६ झाली. मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, ‘मी स्टोअरवाली आहे. या स्टीलचे दोन टन आले आहेत, ते ई-२५० ग्रेडचं स्टील म्हणून आत घ्यायचे की परत पाठवायचे? तुझ्या वहीवरून सांग.’ त्याने कॅल्क्युलेटर काढला. यील्ड स्ट्रेस २९२ आणि अल्टिमेट ४३३ न्यूटन प्रति चौरस मिमी, लांबी वाढली जवळजवळ २७ टक्के. आयएस २०६२ या भारतीय मानकाप्रमाणे ई-२५० ला कमीत कमी २५०, ४१० आणि २३ टक्के लागतात. ‘घ्या मॅडम,’ तो म्हणाला. मी म्हटलं, हेच लिही. त्याने इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. त्यात दोन चुका होत्या, एक ‘द’ राहिला होता आणि एक ‘आर’च्या जागी ‘इज’ होतं. पण ती तीन वाक्यं वाचून ट्रकवाल्याला माल उतरवायला सांगता आला असता. त्याला वाचणारा मिळाला होता आणि त्या वाचणाऱ्यापुढे एक निर्णय होता, एवढाच काय तो फरक.

म्हणून पहिलं लेक्चर मी भाषेवर घेत नाही. खडूवर घेते.

अर्ध्या वर्गातल्या प्रत्येकाला एक खडू द्यायचा. दोन्ही टोकं चिमटीत धरून, अजिबात न वाकवता, ओला कपडा पिळावा तसा पिळायचा. खडू मोडतो. मग सांगायचं की मोडलेलं टोक कसं दिसतं ते पाच ओळींत लिहा. भाषा कुठलीही, आकृती काढायची नाही, तुकडे खिशात. लिहून झालं की वही मागच्या बाकावर जाते आणि मागच्याने फक्त वाचून ते टोक काढायचं. (मागच्यानेही स्वतः खडू मोडला तर उपयोग नाही, म्हणून मी अर्ध्याच वर्गाला पिळायला देते आणि उरलेल्या अर्ध्यांना तेवढ्या वेळात बाहेर पाठवते. नाहीतर मुलं मित्राची वही न वाचता आपलाच खडू आठवून चित्र काढतात.)

पहिल्या फेरीत हमखास येणारं वाक्य: ‘द चॉक वॉज ब्रोकन इन्टू टू पीसेस ड्यू टू टॉर्शन.’ (टॉर्शन म्हणजे पीळ.) वाचणारा दोन सपाट कापलेले सिलिंडर काढतो. मग खिशातून तुकडा बाहेर येतो आणि वर्गात एकच गलका होतो, कारण पिळून मोडलेला खडू सपाट मोडत नाही. तो जिन्याच्या वळशासारखा, अक्षाशी साधारण ४५ अंशांच्या कोनात मोडतो. ठिसूळ पदार्थ ताणात कमजोर असतो आणि पिळताना सर्वांत जास्त ताण त्या तिरक्या रेषेला काटकोनात येतो, म्हणून. कास्ट आयर्नची दांडी लॅबमध्ये अशीच मोडते. हे कारण त्यांना दुसऱ्या वर्षी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सला कळेल, तुम्ही ते समजावून सांगायची गरज नाही. तुम्हाला हवा असतो तो लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा क्षण, जेव्हा त्याला दिसतं की डोळ्यासमोरची गोष्ट आपण लिहिलीच नव्हती.

दुसऱ्यांदा लिहायला मी मुद्दाम मराठीत सांगते. एका मुलीने लिहिलेलं मला अजून जवळजवळ पाठ आहे: ‘टोक सपाट नाही. खडूभोवती एक उतार फिरत जातो, विहिरीच्या गोल पायऱ्या उतरतात तसा. एक फेरी पूर्ण झाली की उताराची सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये एक उभी पायरी राहते. पायरीची कड धारदार आहे, बाकी भाग खरखरीत.’ वाचणाऱ्याने जवळजवळ बरोबर काढलं, फक्त वळसा उलट्या दिशेला काढला. तिथून दोघांची जुंपली. तो म्हणे, तू दिशा लिहिलीच नाहीस. ती म्हणे, मला वाटलं ती कळेलच. शेवटी तिनेच वाक्य घातलं: ‘खडू उभा धरून वरचं टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळला.’ त्या वर्षी त्या वर्गाला ‘गृहीत धरू नका’ हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता मराठीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे आपल्याकडे फार नुकसान होतं. आपण मुलांना म्हणतो, इंग्रजीतच बोला, इंग्रजीतच विचार करा. पण ज्या मुलाचे वडील गवंडी आहेत किंवा ज्याचं घर शेतावर आहे, तो लॅबमध्ये मराठीत जे बघतो ते इंग्रजीत बघूच शकत नाही. काँक्रीटचा क्यूब मशीनमध्ये फुटताना त्याला दिसतं की आधी कडेला बारीक चीर गेली, मग भेग रुंदावली, मग पोपडा सुटला आणि शेवटी कोपरा ढासळला. चीर, भेग, तडा, पोपडा, ढासळणं, खचणं, पिचणं, चेपणं, मुरडणं, वाकणं. एवढे वेगवेगळे शब्द त्याच्याकडे फुकट आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत कारण त्या घडणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. इंग्रजीत लिहायला बसला की या सगळ्याचं एकच होतं: ‘डॅमेज्ड’. निरीक्षणच पातळ होऊन जातं. मग आपण म्हणतो, याला इंग्रजी येत नाही. त्याला इंग्रजी येत नाही हे खरंच, पण त्याने जे पाहिलं ते आपण त्याच्याकडून मराठीत काढून घेतलं असतं, तर त्याच्याकडे भाषांतर करण्याजोगं काहीतरी उरलं असतं.

म्हणून माझा क्रम असा: आधी बाजूच्याला मराठीत तोंडी सांगायचं, मग मराठीत किंवा मिसळीच्या भाषेत कच्चं लिहायचं, मग त्याच गोष्टीसाठी इंग्रजी शब्द शोधायचे. चीर म्हणजे हेअरलाइन क्रॅक, पोपडा सुटणं म्हणजे स्पॉलिंग, चेपून फुगून मुरडणं म्हणजे बकलिंग. वर्षभरात प्रत्येकाच्या वहीत मागच्या पानावर अशी दीड-दोनशे शब्दांची स्वतःची यादी तयार होते, आणि ती कुठल्याही छापील शब्दसूचीपेक्षा जास्त उपयोगी पडते. कारण प्रत्येक शब्दामागे त्याने पाहिलेली एक गोष्ट असते. व्याकरण मी याच्यातच शिकवते. भेग ‘थांबली आहे’ आणि ‘थांबली’ यातला फरक मराठीत त्यांना चोख येतो. क्रॅक ‘हॅज स्टॉप्ड’ आणि ‘स्टॉप्ड’ यात जो घोळ होतो तो त्यावेळी लगेच सुटतो. टेन्सचे तक्ते फळ्यावर काढून तो सुटत नाही, मी काढून पाहिलेत.

तुमचा शेवटचा प्रश्न होता की मुलांना हे महत्त्वाचं वाटत नाही. प्लेसमेंटची भीती घालू नका. ती फक्त जीडी (ग्रुप डिस्कशन) आणि इंटरव्ह्यूपुरती टिकते, आणि मुलं ‘आय ॲम अ हार्डवर्किंग अँड सिन्सिअर पर्सन’ पाठ करून मोकळी होतात. मी त्यांना दोन गोष्टी सांगते. एक माझी, एक मोठी.

माझी अशी. नोकरीचं दुसरं वर्ष. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, कास्टिंगचं एक हाउसिंग चालू होतं, बोअर (आतलं गोल छिद्र) ६२ मिमी, एच ७ या मापमर्यादेत, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० पर्यंत चालतो. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजला की बोअर लहान यायला लागतो. दुसऱ्या शिफ्टच्या शेवटी तसंच झालं, म्हणून सेटरने माझ्यासमोर ऑफसेट (हत्याराच्या जागेची मशीनमधली दुरुस्ती) ०.०२ ने वाढवला. बोअर ६२.०१५ ला आला, अगदी मधोमध. मी शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘ऑफसेट +०.०२’. सही केली आणि बस पकडली. तिसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने ते वाचलं आणि सूचना समजून आणखी ०.०२ वाढवला. बोअर गेला ६२.०३५ वर. तासाला एक नग मोजायची पद्धत होती, त्यामुळे कळेपर्यंत ३४ नग निघाले होते. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला भरून काढता येत नाही. ३४ ही नग भंगारात गेले.

ऑफसेट बदलल्यावर त्याने पहिला नग मोजायला हवा होता, हे बरोबर आहे, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे हेच बोलले. पण मला माहीत होतं की ‘वाढवला आहे’ आणि ‘वाढवा’ यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. क्रियापद नव्हतं. वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मी रजिस्टरची ती ओळ फळ्यावर जशीच्या तशी लिहिते आणि विचारते, तुम्ही काय केलं असतं? दर वर्षी अर्धा वर्ग म्हणतो वाढवला असता, अर्धा म्हणतो नसता. मग म्हणते, आता अशी ओळ लिहा की दोन्ही बाजू एकच गोष्ट करतील. तिथे ‘आय हॅव इन्क्रीज्ड’ आणि ‘प्लीज इन्क्रीज’ यातलं अंतर त्यांना जन्मभरासाठी कळतं. ‘०.०२ काय?’ असं एखादा विचारतोच, त्रिज्येवर की व्यासावर. त्याला मी शाबासकी देते. एककं न लिहिण्यापायी याहून कितीतरी महाग गोष्टी गेल्या आहेत. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचे आकडे पाउंड-फोर्स-सेकंदांत होते आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले.

मोठी गोष्ट कोलंबियाची, नासाच्या त्या अंतराळयानाची, ज्यात कल्पना चावला होती. तिचं नाव आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. ती स्वतः चंदीगडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली इंजिनिअर, हे मात्र थोड्यांनाच. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासासमोर स्लाइड्स मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा पुढे अपघाताच्या चौकशी अहवालात स्वतंत्र विचार झाला. त्या स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं, आपला अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेला आहे अशा अर्थाचं. त्याखाली बुलेट, त्याखाली छोटा बुलेट, त्याखाली आणखी छोटा. आणि अगदी तळाला, सर्वांत आत, सर्वांत बारीक अक्षरात खरी गोष्ट: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घनइंच धरलं होतं, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर सगळा अंदाज बांधला होता, त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता. ६४० पट. म्हणजे त्या चाचण्यांवरून इथलं काही सांगताच येत नव्हतं. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही जण गेले.

स्लाइडमुळे यान गेलं असं मुलांना सांगू नका, ते खरं नाही. पंखाचे फोटो मिळवायची मागणी इंजिनिअरांनी केली होती आणि ती पुढे गेली नाही. त्या संस्थेत बरंच काही बिघडलेलं होतं. पण हा अभ्यास वर्गात जरूर करून घ्या: १९२० आणि ३ हे दोन आकडे द्या, आणि म्हणा, ज्याच्याकडे फक्त एक मिनिट आहे अशा मोठ्या साहेबासाठी एक वाक्य लिहा. मी ताशी पन्नास-साठ वाक्यं वाचते त्या दिवशी. ‘आम्ही केलेल्या चाचण्यांपेक्षा हा तुकडा ६४० पट मोठा आहे, त्यामुळे पंख सुरक्षित आहे असं आम्ही म्हणू शकत नाही’ हे वाक्य पहिल्या झटक्यात लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात तीन-चार असतात. बऱ्याचदा ती इंग्रजीत मागे असलेलीच असतात, आणि तो दिवस त्यांच्यासाठी फार मोठा असतो. मी ती वाक्यं लिहिणाऱ्याच्या नावासकट फळ्यावर लिहिते.

एन.बी.ए.च्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, फाइली भरताना तुम्हाला ‘प्रोग्रॅम आउटकम्स’ (पदवी घेताना मुलाला काय यायला हवं त्याची यादी) भेटतीलच. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या शिक्षणाला परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून या फाइलींचं वजन वाढलं. अनेक वर्षं चालत आलेल्या १२ आउटकम्समध्ये दहावा संवादाचा होता. त्याच्या मजकुरात एक छोटासा तुकडा होता: स्पष्ट सूचना देता आणि घेता येणं. मला तो तुकडा फार आवडतो. रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन सगळ्यांना दिसतात, पण शॉपवर आणि साइटवर दिवसभर चालतं ते हेच.

बोलण्याकडे येते. ‘स्टेज डेअरिंग नाही’ असं मुलं स्वतःच म्हणतात आणि आपणही त्यावर विश्वास ठेवून त्यांना स्टेजवर ढकलतो. ‘माय फेव्हरिट हॉबी’वर दोन मिनिटं बोल. ज्याच्याकडे हॉबी नाही, जो सुट्टीत घरी जाऊन कापूस वेचतो, तो तिथेच गार होतो. माझ्याकडे पहिले दोन महिने कुणी एकटं पुढे उभं राहत नाही. समोर एक वस्तू आणि समोर एक माणूस, एवढंच. सिव्हिलच्या मुलांना मी हा प्रसंग देते: स्लॅब भरणं चालू आहे, मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, माल सरकत नाही, पाणी मारा.’ एक जण मिस्त्री, एक जण इंजिनिअर. इंजिनिअर झालेला मुलगा पहिल्यांदा ‘वॉटर सिमेंट रेशो वाढला की स्ट्रेंग्थ कमी होते’ असं पुस्तकातलं बोलतो. मिस्त्री झालेला मुलगा म्हणतो, ‘वीस वर्षं हेच करतोय, एक स्लॅब पडला नाही.’ वर्ग हसतो, इंजिनिअर अडकतो.

मग आम्ही बसून शोधतो की काय बोललं तर मिस्त्री ऐकेल. त्याची अडचण खरी आहे, सळ्या दाट आहेत, माल खाली जात नाही. ती आधी मान्य करायची. मग आकडा त्याच्या मापात द्यायचा: एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी पाणी आणि सिमेंटचा रेशो ०.५५ च्या वर नको म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात वाळूचा ओलावा धरलेला. बादल्यांत किती ते त्याच्यासमोर मोजायचं. मग पर्याय द्यायचा: व्हायब्रेटर नीट फिरवू, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) मागवू. एवढं बोलायला मराठी लागते, आणि चांगली मराठी लागते. कॉलेजात कुठे बांधकाम चालू असेल तर खऱ्या मिस्त्रींना अर्धा तास बोलवा. आमच्याकडे आलेल्या एका मिस्त्रींनी मुलांना विचारलं होतं, ‘पाणी नको म्हणता, मग तुम्ही स्वतः एकदा सळी मारून माल खाली घालून दाखवा.’ मुलांनी दुसऱ्या दिवशी ते करून पाहिलं. त्यानंतरच्या त्यांच्या बोलण्यात ‘साहेबा’चा सूर राहिला नाही.

मुली आणि मुलगे यांच्या जोड्या लावताना जबरदस्ती करू नका, आणि कुणाच्या उच्चारांवर वर्गात कधीही बोट ठेवू नका. ‘मेजरमेंट’चा उच्चार चुकला तर तो नंतर, एकट्याला, पाणी प्यायला जाताना सांगा.

इंग्रजीत प्रेझेंटेशन शेवटच्या महिन्यात. तीन मिनिटं, स्लाइड नाही, हातात वर्कशॉपमध्ये स्वतः केलेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा. फिटिंगच्या जॉबवर फाइलच्या खुणा का राहिल्या हे जो सांगू शकतो, त्याला ‘ग्रीटिंग्ज टु वन अँड ऑल’ने सुरुवात करावीशी वाटत नाही. ईमेल आणि अर्ज एका तासात होतात. विषयाची ओळ रिकामी ठेवायची नाही, पहिल्या दोन ओळींत काय हवंय ते सांगायचं, आणि ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं तर लिहू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

तपासण्याचं ओझं हा तुमचा खरा प्रश्न पुढच्या महिन्यात सुरू होईल, म्हणून आताच सांगते. ६० जणांची तीन-तीन पानं लाल करत बसलात तर दिवाळीपर्यंत तुम्ही हे सगळं सोडून द्याल. मी अर्धं पान लिहून घेते, एका वेळी एकच गोष्ट तपासते. एका आठवड्यात फक्त आकडे आणि एककं. पुढच्या आठवड्यात फक्त ‘हे कुणी केलं’ ते कळतंय का. चूक दुरुस्त करून देत नाही, ओळीच्या बाजूला टिंब देते आणि चूक त्याने शोधायची. एका कागदाला चार मिनिटं, म्हणजे ६० ला चार तास, आठवड्यात विभागून होतात. मार्क दुसऱ्या खर्ड्याला द्या, पहिल्याला शून्य वजन. हे एक केलंत तरी पुष्कळ बदलेल, कारण पुन्हा लिहिणं म्हणजे शिक्षा असं आपल्या मुलांना शाळेपासून वाटत आलंय.

आता मुलांच्या फोनमध्ये अख्खा रिपोर्ट लिहून देणारी यंत्रं आली आहेत. मला त्यांचं भय वाटत नाही, पण एक काळजी मी घेते. कन्क्लुजन लॅबमधून बाहेर पडण्याआधी, हाताने, शेवटच्या १५ मिनिटांत लिहायचं. प्रत्येक बॅचला तुकडा वेगळा, त्यामुळे आकडेही वेगळे. नंतर घरी जाऊन कुणी ते यंत्राकडून सफाईदार करून घेतलं तरी चालेल, दोन्ही कागद जोडायचे आणि यंत्राने काय बदललं, कुठे अर्थ बदलला ते खाली लिहायचं. एका मुलाच्या कागदावर ‘क्यूब कोपऱ्यातून ढासळला’ याचं यंत्राने ‘द स्पेसिमेन फेल्ड सॅटिस्फॅक्टरिली’ केलं होतं. त्याने त्याखाली लिहिलं, ‘सॅटिस्फॅक्टरी नव्हतं, एकाच बाजूने ढासळला, म्हणजे क्यूबचा वरचा पृष्ठभाग सपाट नसावा.’ मला अख्ख्या सेमिस्टरमध्ये याहून चांगलं वाक्य मिळालं नाही.

हे सगळं तुम्ही एकट्याने करू शकणार नाही, आणि तिथेच आपल्या कॉलेजांत घोडं अडतं. कम्युनिकेशनच्या सरांना पहिल्या वर्षाच्या कोपऱ्यात बसवून ठेवतात आणि लॅबच्या सरांना वाटतं भाषा आपलं काम नाही. तुम्ही स्वतःहून वर्कशॉपमध्ये जा. वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरना आणि मेकॅनिक्सच्या लॅबच्या सरांना म्हणा, मला तुमचं एक प्रॅक्टिकल द्या, मी मुलांसोबत उभा राहीन आणि त्याचं लिखाण माझ्या तासाला करून घेईन. तुम्ही इंजिनिअर नाही याची लाज वाटून घेऊ नका. उलट तेच तुमचं बळ आहे: मुलांना खराखुरा अनभिज्ञ वाचणारा मिळतो. तुम्ही ‘मला कळलं नाही’ म्हणालात तर ते खरं असतं. मी तसं म्हणते तेव्हा मुलांना माहीत असतं की मॅडम नाटक करतायत.

परीक्षेच्या पेपरात ‘बॅरियर्स टु कम्युनिकेशन’ आणि ‘सेव्हन सीज’ (चांगल्या संवादाचे सात गुण) येतात, ते यावेच लागतील. सेमिस्टरच्या शेवटी दोन लेक्चर पुरतात, आणि तोपर्यंत प्रत्येक मुद्द्याला मुलांकडे स्वतःचं उदाहरण असतं.

तेव्हा सोमवारी खडूचे दोन बॉक्स घेऊन जा. ६० पेक्षा जास्तच घ्या, कारण पहिल्यांदा पुष्कळ जण पिळण्याऐवजी वाकवूनच मोडतात. वाकवून मोडलेलं टोक सपाट येतं. ते तुकडे टाकू नका, दुसऱ्या डब्यात ठेवा. पुढच्या तासाला दोन्ही डब्यांतला एकेक तुकडा प्रत्येकाच्या हातात द्या आणि विचारा, कुठला कसा मोडला ते ओळखा आणि कशावरून ओळखलं ते लिहा.